बसून वाजवायचं एक गाणं

“टपावर टाकायची वस्तू आहे का ही, शांतलिंग?” दत्तोपंत गुरुजी तिसऱ्यांदा म्हणाले.

शांतलिंगच्या हातात काळीभोर क्लॅरिनेट होती आणि तिचं खालचं अंग उभं चिरलं होतं. काल येताना एस.टी.च्या टपावरून पेटी घसरली, ती थेट कळंबच्या स्टँडवर. त्याच्या मागं विद्यापीठातली आणखी चार मुलं उभी होती. एकाच्या गळ्यात सॅक्सोफोन, एकाच्या डोळ्यांवर काळा चष्मा. अशी पाहुणी मंडळी या गल्लीत कधी आली नव्हती. बायका हातातलं काम टाकून हसत दारात आल्या होत्या.

ओट्यावर बब्रुवान बँडच्या लाल कोटाला पितळी बटण लावत बसला होता. लगीनसराई महिन्यावर आली होती.

“बब्रुवान मास्तर,” गुरुजी त्याच्याकडं वळले, “तुमच्याकडं क्लॅरिनेट आहे. उद्याच्या कार्यक्रमापुरती द्याल का?”

बब्रुवानची सुई थांबली. दत्तोपंत गावच्या शाळेत शिकवायचे. बारा वर्षं ते त्याला ‘ए बब्र्या’ म्हणत आले होते. आज एका दमात ‘मास्तर’ही आलं आणि ‘तुम्ही’ही.

“कसला कार्यक्रम, गुरुजी?”

“जाझ. अमेरिकेकडचं संगीत. हा आपल्या वीरप्पा शेटचा पुतण्या. ह्यांच्या विद्यापीठातल्या पोरांचा ताफा आहे, गावोगाव जलसे करत चाललेत. उद्या दुपारी चारला आपल्या मोंढ्यात. शेट स्वतः अध्यक्ष. आणि आता हे असं होऊन बसलं.”

“जाझ,” बब्रुवान म्हणाला. फार दिवसांनी कुणी माहेरच्या गावाचं नाव घ्यावं, तसा तो शब्द त्याच्या तोंडून आला.

“माहीत आहे का तुम्हाला?” काळ्या चष्म्यानं विचारलं. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं.

“जरा जरा.”

बब्रुवान निजामाच्या फौजेत बँडवर होता. आजा सनईवाला, बाप हलगीवाला. पोरगा सिकंदराबादला गेला आणि क्लॅरिनेटवाला झाला. बँडमास्तर गोव्याचा, डिकुन्हा साहेब. शनिवारी छावणीच्या क्लबात साहेब लोकांचा नाच असायचा. वाजवणारा कमी पडला की डिकुन्हा बब्रुवानला पांढरा कोट चढवायचा आणि बांबूच्या पडद्यामागं उभा करायचा. तिथं तो जाझ शिकला. कागदावरून नाही, कानावरून. पुढं पोलीस ॲक्शन झाली, संस्थान विलीन झालं, फौज मोडली. निरोपाच्या दिवशी डिकुन्हानं आपली स्वतःची क्लॅरिनेट त्याच्या हातात ठेवली आणि एवढंच म्हणाला, “हिला उपाशी ठेवू नकोस.”

तेव्हापासून ती कळंबच्या वरातींत वाजत होती. येरमाळा, ढोकी, तेर. जिथं मांडव पडला तिथं ती गेली होती. पण वरात म्हणजे चालणं. नवरदेव मागं, घोडा मागं, वऱ्हाड मागं. बँडवाला पुढं, धुळीत, सगळ्यांकडं पाठ करून. क्लबात पडदा होता, वरातीत पाठ होती. पंचेचाळीस वर्षांचं वय झालं. त्याचं वाजवणं कुणी बसून ऐकलं नव्हतं आणि त्यानंही ते कधी बसून वाजवलं नव्हतं.

तो आत गेला आणि मऊ फडक्यातून क्लॅरिनेट घेऊन आला. शांतलिंगनं ती फुंकली, बोटं फिरवली आणि त्याचा चेहराच पालटला. आपली चिरलेली त्यानं ओट्यावर तशीच ठेवून दिली.

“परदेशी आहे ही,” तो म्हणाला. “अशी आता मिळत नाही.”

“जरा हिकडं आना, धनी,” बब्रुवान म्हणाला. “सकाळी शेटच्या आडतीत तुमची तालीम चालली व्हती, क्लारनेटबिगरच. म्या वाटंनं चाललो व्हतो. त्ये गानं आसं हाय, बगा.”

त्यानं उभ्यानंच ओठ लावले.

ठेका उंबऱ्यावर येऊन उभा राही आणि सूर अजून अंगणातच रेंगाळत असे, सासरी निघालेल्या लेकीसारखा. वाटे, आता चुकला, आता मागं राहिला. आणि तेवढ्यात तो असा येऊन मिळे की ऐकणाऱ्याचा कोंडलेला श्वास सुटे. काळा चष्मावाला ड्रम वाजवायचा. त्यानं चष्मा काढून खिशात टाकला आणि दाराच्या फळीवर बोटांनी ठेका धरला. दारातल्या बायका हसायच्या थांबल्या.

“अरे बाप रे!” सूर थांबल्यावर ड्रमवाला म्हणाला. “मास्तर, उद्या तुम्हीच वाजवा की!”

शांतलिंग हसला नाही. तो बब्रुवानच्या बोटांकडं बघत होता.

“न्हाय न्हाय, जलसा तुमचा हाय,” बब्रुवान म्हणाला. मग कोटाच्या बटणाकडं नजर लावून, एखादी चोरी कबूल करावी तसा पुटपुटला, “येक गानं मातर मला द्या. शेवटचं. खुर्चीवर बसून वाजवीन. लोकं म्होरं बसल्याली आसतील. येवढंच. बाकी क्लारनेट खुशाल वापरा.”

“एवढंच ना? दिलं!” गुरुजी म्हणाले. त्यांना अजून लाउडस्पीकरची बॅटरी आणायची होती. “फळ्यावर नावच लिहितो तुमचं. काय शांतलिंग?”

“हो,” शांतलिंग म्हणाला. “एक गाणं.”

दुसऱ्या दिवशी बब्रुवानची बायको धुरपदा तांबडं फुटायच्या आत उठली. तिला ज्वारी काढायला जायचं होतं. सुगीचे दिवस, एक खाडा झाला तर मुकादम दुसरी बाई लावणार. जलसा तिला ऐकायला मिळणार नव्हता. पण क्लॅरिनेटची तयारी ती दुसऱ्या कुणाला करू देणार नव्हती.

वाजंत्र्यांच्या घरची रीत अशी, की वाद्य परक्या हातात जायचं झालं तर मोकळं जात नाही. त्याला हळदकुंकू लावायचं, खणावर निजवायचं, शेजारी नारळ ठेवायचा. नारळ बरोबर गेला याचा अर्थ वस्तू उसनी गेली. ती माघारी येते तेव्हा नारळही तिच्याबरोबर येतो आणि घरच्या उंबऱ्यावर फुटतो. आज्यापणज्यापासून हे असं चालत आलेलं. वाजंत्र्यांच्या दहा घरांत कुणाला ते सांगावं लागत नसे.

धुरपदेनं ट्रंकेतला हिरवा खण काढला. वर्षापूर्वी भाऊबीजेला आलेला, अजून शिवला नव्हता. क्लॅरिनेटच्या काळ्या अंगावर तिनं कुंकवाचं बोट टेकवलं आणि तोंडातल्या तोंडात ओवी जुळवू लागली:

“चालता चालता गं, सूर सांडले वाटंला,
आज टेकू दे माऊली, माझ्या धन्याच्या पाठीला.”

“पाठीला काय टेकू दे?” बब्रुवाननं विचारलं.

“खुर्ची! दुसरं काय?” ती हसली. मग पदर खोचून विळा उचलला. “पाय हालवू नगा बसल्यावर. सवय हाय तुमाला चालायची. लोकं म्हनतील, पळून चाललाय.”

“जा आता. मुकादम बोंबलंल.”

“सांच्याला समदं सांगायचं. कोन कुठं बसलं, कोन काय म्हनलं. काय बी गाळायचं न्हाय.”

ती गेली. शेताकडं निघालेल्या बायकांत तिचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता. सगळ्यांना तीच गोष्ट सांगत होती.

मोंढ्याला त्या दिवशी सुट्टी होती. एरवी जिथं ज्वारीच्या राशी पडायच्या तिथं पोती अंथरली होती. पुढं अधिकारी मंडळींना खुर्च्या, डावीकडं बायका, मागं बैलगाड्यांवर चढून बसलेलं गाव. आडतीच्या उंच कट्ट्याचा रंगमंच केला होता. कडेला फळा आणि त्यावर गुरुजींच्या वळणदार अक्षरात कार्यक्रमाची यादी. सगळ्यात खाली, ‘शेवटी : श्री. बब्रुवान मास्तर’. बब्रुवाननं ते नाव सावकाश वाचलं. ‘श्री’ त्यानं दोनदा वाचलं.

त्यानं खण-नारळासकट क्लॅरिनेटचं ताट गुरुजींच्या हाती दिलं. गुरुजींनी ते कट्ट्यावरच्या टेबलावर, हारांच्या शेजारी ठेवलं आणि पुन्हा तारांच्या गुंत्यात शिरले. तेवढ्यात वीरप्पा शेट आले. कळंबच्या मोंढ्यात त्यांच्या शब्दावर भाव ठरायचा, आणि शाळेच्या कमिटीत त्यांच्या शब्दावर मास्तरांची नोकरी टिकायची.

“ह्ये काय, गुरुजी?” त्यांनी ताटाकडं बोट केलं.

“हे बब्रुवाननं आणलंय. शांतलिंगसाठी,” गुरुजी तार दातात धरून म्हणाले.

शेटनी खण पाहिला, नारळ पाहिला, कुंकवाचं बोट पाहिलं. व्यापाऱ्याच्या घरात खण-नारळ घालून आलेली वस्तू एकाच कारणानं येते. त्यांचे डोळे भरून आले. ते मनाचे वाईट नव्हते.

“बगा,” ते म्हणाले, “मानसाला मन पायजे.”

शांतलिंगनं क्लॅरिनेट उचलली, रुमालानं कुंकू पुसलं आणि जलसा सुरू झाला.

गावानं असलं काही ऐकलं नव्हतं. पाचही जण एकदम सुरू झाले तेव्हा मागच्या गाडीचे बैल उठून उभे राहिले. मग एकजण वाजवायचा आणि बाकीचे नुसते ठेका धरायचे; मग दुसरा. पोत्यावर बसलेला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, “भांडान झालंय जनू. येकाचं दुसऱ्याला पटंना.”

“पटंल, पटंल. शेट बसल्यात न्हवं मधी.”

हशा झाला. पण हळूहळू गावाची मान डुलू लागली. ड्रमवाल्यानं एकट्यानं धुमाकूळ घातला तेव्हा पोरं शिट्ट्या मारू लागली. शांतलिंग वाजवायला उभा राहिला की मात्र सूर नीट पायाखाली बघून चालायचे. चुकत नव्हते, पण कुठं रेंगाळतही नव्हते. कट्ट्याच्या पायरीशी बब्रुवान उभा होता, धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला फेटा. आपल्याच क्लॅरिनेटचा आवाज तो पहिल्यांदा समोरून ऐकत होता. ‘किती गोड हाय ही,’ त्याला वाटलं, ‘म्या उगंच समजत व्हतो, मला ठावं हाय.’

यादी संपत आली. कट्ट्याच्या मधोमध एक खुर्ची आणून ठेवली गेली. बब्रुवाननं क्लॅरिनेटच्या तोंडाला बसवायची वेताची पत्ती खिशातून काढून जिभेवर ओली करायला धरली.

आणि वीरप्पा शेट माइकपाशी गेले.

“मंडळी, ज्याज म्हंजी काय त्ये मला इचारू नका. मला ज्वारीतलं कळतं.” हशा. “पर आज मला येक मानूस कळला. आपला बब्रू. बँडवाला. वाजीवलं तर चूल पेटती त्याची. माझ्या पुतन्याचं वाद्य फुटलं, ह्ये त्याच्या कानावर गेलं. अन् त्यानं काय करावं? आपलं सोताचं वाद्य, हळदीकुंकवानं सजवून, खननारळासकट आहेर म्हनून आनून दिलं! मागारी न्यायाला न्हाय, मंडळी. देऊन टाकलं!”

टाळ्या कडाडल्या. बब्रुवाननं जिभेवरची पत्ती काढली.

“ये बब्रू, वर ये. आज मी तुला बब्रुवान मास्तर म्हनतो. या मास्तर!”

कुणीतरी मागून ढकललं. तो वर गेला. त्याला खुर्चीवर बसवलं. शेटनी हार घातला, टेबलावरच्या ताटातला खण त्याच्या खांद्यावर टाकला आणि नारळ हातात दिला. त्याचाच नारळ. मोंढा भरून माणसं समोर बसली होती, सगळ्यांचे चेहरे त्याच्याकडं होते आणि सगळे हात वाजत होते.

“बोला दोन शब्द.” माइक त्याच्या तोंडापाशी आला.

“शेट,” बब्रुवान म्हणाला. त्याचा आवाज कर्ण्यातून फुटून भिंतीवर आदळला आणि तो दचकला. “शेट, म्या दिली न्हाय वो. उसनी दिलीया. आजच्यापुरती.”

वीरप्पा शेट खदखदून हसले.

“ऐका! उसनी दिलीया म्हनतो! म्हंजी ह्येची फेड टाळ्यांनी करा म्हनतो! काय पर इनोदी मानूस!”

मोंढा हसत सुटला. पोत्यावरचे लोक एकमेकांना टाळ्या देऊ लागले. “वा रं मास्तर!” कुणीतरी ओरडलं.

“इनोद न्हाय,” बब्रुवान म्हणाला. पण माइक आता दूर होता. तो वळला. “गुरुजी, तुमी सांगा की. फळ्यावर तुमीच लिवलंय.”

दत्तोपंत गुरुजी बॅटरीशेजारी उकिडवे बसले होते. त्यांनी वर पाहिलं. शेटच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, की त्याला धक्का लावायला मोठी छाती लागली असती. गुरुजींची कायमची ऑर्डर अजून कमिटीपुढं पडून होती.

“मास्तर, कार्यक्रम होऊ द्या,” ते हळूच म्हणाले. “बसा तुम्ही. मग बघू आपण.” आणि ते पुन्हा तार सोडवू लागले.

बब्रुवान शांतलिंगकडं वळला. “धनी, तुमाला तर ठावं हाय.”

शांतलिंगला ठाऊक होतं. तो दोन पावलं पुढं आला. क्लॅरिनेट त्यानं डाव्या हातात धरली होती, छातीशी. आणि मग, भरल्या मोंढ्यात, वीरप्पा शेटच्या घरचा पोरगा वाकला आणि त्यानं बब्रुवानच्या पायांना हात लावला.

असं त्या गावात कधी झालं नव्हतं. मग जो गजर झाला, त्यानं आडतीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. एक म्हातारा उभा राहून म्हणाला, “आता सराज्य आलं!”

बब्रुवानचे पाय खुर्चीखाली ओढले गेले, पण उशीर झाला होता. पायाला हात लागला होता. ज्यानं हजार माणसांत पाय धरले, त्याच्या हातून कुठल्या तोंडानं वस्तू ओढून घ्यायची? त्याला कळलं, की हे त्या पोरालाही कळलं होतं.

शेवटचं गाणं शांतलिंगनं वाजवलं. तेच, कालचं. बब्रुवान त्याच खुर्चीवर, हार घालून, नारळ मांडीवर घेऊन बसून राहिला. जिथं सूर अंगणात थांबायला हवा होता तिथं शांतलिंग घाईनं उंबरा ओलांडून गेला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

लोक उठले. धोतरं झटकत, पोरांना हाका मारत मोंढा रिकामा झाला. जाता जाता जो तो बब्रुवानकडं बघून हात जोडत होता. बारा वर्षं ज्यांच्या दारात तो वाजवून जेवायला शेवटच्या पंगतीला बसला होता, ते हात जोडत होते. नारळ त्यानं खुर्चीवरच ठेवला, खणही, हारही. मग तो कट्ट्याच्या मागं गेला. तिथं मुलं आपली वाद्यं बांधत होती.

“धनी,” तो म्हणाला, “आता कुनी न्हाय हितं. आता तरी द्या.”

शांतलिंग पेटी आवरत होता. त्याच्या पेटीत मखमलीच्या खाचेत बब्रुवानची क्लॅरिनेट नीट बसली होती.

“मास्तर, सगळ्यांदेखत पाया पडलो मी तुमच्या. आमच्या घरातलं कुणी पडलं असतं? आता परत नेलीत तर काकांनी गावाला तोंड कसं दाखवायचं?”

“शांत्या, दे ना त्याची त्याला,” ड्रमवाला मागून म्हणाला. त्याचा आवाज खाली होता.

“देतो ना. उद्या भूमला कार्यक्रम आहे, परवा परांड्याला. मी काय वाजवू, तुझी डबडी?” मग तो बब्रुवानकडं वळला आणि लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, “दौरा संपू द्या, मास्तर. मग बघू.”

तासाभरात दोघांनी बब्रुवानला ‘बघू’ म्हटलं होतं. ड्रमवाल्यानं काळा चष्मा डोळ्यांवर चढवला, ऊन उतरलं होतं तरी.

बब्रुवान थोडा वेळ पेटीकडं बघत उभा राहिला. मग खाली बसला.

“पावसाळ्यात तिचं लाकूड फुगतंय,” तो म्हणाला. “सांधा निघाला न्हाय तर वढू नगा. जरा वेळ मांडीवर घिऊन बसा, आपसूक सैल पडती. वाजवून झालं की आतनं पुसा, वली तशीच निजवू नगा. उन्हात ठिवू नगा. अन् वरनं दुसरी कळ हाय न्हवं, ती जरा रुसती. तिला दाबायचं न्हाय. निस्तं बोट टेकवायचं. ऐकती मग.”

“बरं, बरं.” शांतलिंगनं पेटीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. “मास्तर, जास्तीच्या पत्त्या आहेत का हो? इकडं कुठं मिळत नाहीत.”

बब्रुवाननं खिशात हात घातला. कागदाच्या पुडीत चार पत्त्या होत्या, स्वतः घासून पातळ केलेल्या. पाचवी, मघाशी जिभेवर ओली केलेली, त्याच्या मुठीत होती. त्यानं पाचही दिल्या.

घरी परतताना ओढ्याजवळच्या बाभळीपाशी तो थांबला. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, फिरून फिरून तिथंच येत होती. क्लॅरिनेट पिशवीत घालून नेली असती, काखेत मारून नेली असती, तर शेटच्या मनात आहेर आलाच नसता. ती हळदीकुंकवानं गेली. ती खण-नारळानं गेली. वाजंत्र्यांच्या दहा घरांत त्या नारळाचा जो अर्थ होता, तो मोंढ्यात कुणाला ठाऊक नव्हता.

म्हणजे धुरपदेच्या बोटानं ती गेली.

धुरपदा कशी आहे हे त्याला ठाऊक होतं. एकदा तिच्या हातून मडकं पडून शेजारणीच्या पोराचा पाय भाजला होता, तर सहा महिने ती चुलीवर पाणी ठेवताना रडायची. हे तिला कळलं तर ती पुन्हा कशालाच कुंकू लावायची नाही. लावायला बोट उचललं की ते हवेतच थांबेल. जन्मभर.

सूर्य मावळता मावळता धुरपदा आली. डोक्यावर कडब्याची पेंढी, पायांवर काचेसारख्या पातळ ओरखड्यांच्या रेघा. पेंढी टाकायच्या आधीच तिनं विचारलं, “बसून वाजीवलं?”

“व्हय,” बब्रुवान म्हणाला.

“लोकं?”

“लई. मोंढा भरला व्हता. बाया डोळं पुसत व्हत्या.”

“आगं बया!” ती ओट्यावर बसली. चेहऱ्यावरचा सगळा शीण पळाला होता. “अन् शेट?”

“शेटनी हार घातला. मास्तर म्हनले.”

ती त्याच्याकडं बघत राहिली, जणू तो हार अजून त्याच्या गळ्यात होता. मग तिची नजर आत गेली, खुंटीकडं, कोनाड्याकडं.

“क्लारनेट कुठाय?”

“दिली.”

“कुनाला?”

“शेटच्या पुतन्याला. चांगला वाजीवतो पोरगा. पाया पडला माज्या, सगळ्या गावाम्होरं. मग म्या म्हनलं, घे. तुला दिली.”

आत चूल थंड होती. धुरपदेनं पाय पुसले, आत गेली, चूल पेटवली, पीठ काढलं. भाकरी थापण्याचा आवाज एकसारखा येत होता. मग थांबला.

“खरं सांगा. कुनी हिसकावली का? कुनी फशीवलं का? आत्ता जाती म्या शेटच्या दारात. झिंज्या धरती येकायेकाच्या.”

तिनं खरंच परात बाजूला सरकवली होती. ती गेली असती. आणि शेटनी तिला समजावून सांगितलं असतं, चांगल्या मनानं, डोळ्यांत पाणी आणून, की अगं, तूच तर कुंकू लावून पाठवलीस.

“कुनी न्हाय,” बब्रुवान म्हणाला. “म्याच दिली. खुशीनं.”

“खुशीनं!” ती फिरली. “चार टाळ्या काय ऐकल्या, माज आला व्हय तुमाला? महिन्यावर सराई आलीया. काय वाजीवनार हायसा, तोंड? माज्या हातानं सजवून दिली म्या तिला, ल्येकीवानी. येका शबुदानं मला इचारावंसं वाटलं न्हाय?”

“न्हाय वाटलं.”

“आलं मोठं दानशूर!” तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, ते तिनं पिठाच्या हातानं पुसलं. गालावर पांढरा पट्टा उमटला. “येक डाव बसायला खुर्ची काय दिली, घर लुटवून आला.”

तिनं ताट आणून त्याच्यापुढं आदळलं. भाकरी, कोरड्यास, कांद्याची फोड. स्वतःसाठी वाढून घेतलं नाही. पाठ करून चुलीतलं लाकूड मागं ओढत बसली.

त्यानं भाकरी मोडली. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. कोरड्यास अळणी होतं. रागाच्या भरात ती मीठ घालायचं विसरली होती.

“मीठ दे जरा,” तो म्हणाला.

ती लगेच उठली नाही. मग उठली, आणि त्याच्या तोंडाकडं न बघता चिमूटभर मीठ ताटाच्या कडेला टाकून गेली.